प्रत क्रमांक ४/१० : फ्रेमच्या पट्टीखाली राहिलेला लाल

मार्च २०२४ मधल्या एका दुपारी माझ्या ओळखीच्या फ्रेमवाल्याचा दादरहून फोन आला. "एक ताई बसल्यात दुकानात. फोटो घेऊन आल्यात आणि म्हणतात, हा खोटा आहे का ते सांगा. मी काय सांगणार? तुम्हीच या."

मी बावीस वर्षं मुंबईतल्या एका कलर लॅबमध्ये प्रिंटर होतो. प्रिंटर म्हणजे यंत्र नव्हे, माणूस. अंधाऱ्या खोलीत एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हवरून मोठं चित्र पाडणाऱ्या यंत्राखाली, कागद ठेवून रंग जमवणारा. लॅब बंद पडली, हात रिकामे झाले, तेव्हापासून लोकांच्या संग्रहातल्या छायाचित्रांचे स्थिती-अहवाल लिहून देतो. कुठं ओल आहे, कुठं डाग आहे, रंग किती उतरलाय, विकताना काय सांगायला हवं, असलं काम. हे प्रकरण त्यातलंच. संबंधितांना विचारून लिहितोय. नावं सगळीच गाळली आहेत, गॅलरीचंसुद्धा.

ताई महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या, शिवाजी पार्कजवळ राहणाऱ्या. फेब्रुवारी १९९४ मध्ये त्या आणि त्यांचे धाकटे भाऊ काळा घोड्याजवळच्या एका गॅलरीत प्रदर्शन बघायला गेले आणि एकाच छायाचित्राच्या दोन प्रती घेऊन परतले. दहा प्रतींची आवृत्ती, म्हणजे क्रमांक घातलेल्या दहाच प्रती. भावाला ३/१० मिळाली, ताईंना ४/१०. किंमत प्रत्येकी ४,५०० रुपये. "तेव्हा माझा महिन्याचा पगार साधारण तेवढाच होता," ताई म्हणाल्या. "आई म्हणाली, फोटोला एवढे? निदान तुझा स्वतःचा तरी आहे का?"

छायाचित्र ससून डॉकवरचं, पहाटेचं. पोपटी लुगडं नेसलेली एक कोळीण पाठमोरी, अंबाड्यात अबोलीचा गजरा. पायाशी पापलेटांच्या टोपल्या, त्यांच्यावर ओढलेलं लालभडक मेणकापड चित्राच्या खालच्या कडेपर्यंत आलेलं. मागे समुद्र. बाकी काही नाही.

भावाने आपली प्रत कधी लावलीच नाही. तेव्हा ते घर बदलत होते, मग राहून गेलं, मग ती गोदरेजच्या कपाटात पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये साड्यांच्या खाली जाऊन बसली, ठाण्याला. ताईंनी आपली आठवड्याच्या आत फ्रेम करून बैठकीच्या खोलीत लावली. खिडकीसमोरच्या भिंतीवर. खिडकी पश्चिमेची.

छायाचित्रकार २०१९ मध्ये वारले. त्यांच्या मुलीने वडिलांच्या कामाचं मोठं प्रदर्शन करायचं ठरवलं आणि जुन्या पावत्यांवरून प्रती घेतलेल्यांना फोन करायला सुरुवात केली. ताई हौसेने स्वतःच टॅक्सीत घालून फ्रेम घेऊन गेल्या. मुलीने बराच वेळ पाहिलं आणि हळूच म्हणाली, "काकू, रागावू नका, पण ही प्रिंट बाबांची वाटत नाही." रंग वेगळेच होते. त्याहून वाईट म्हणजे सही नव्हती. वडील प्रत्येक प्रतीच्या पांढऱ्या कडेवर उजवीकडे खाली सही करत, आणि इथं पांढरी कडच नव्हती.

ताईंचा प्रश्न सरळ होता: तीस वर्षं मी भिंतीवर खोटं चित्र लावून बसले होते का?

टेबलावर दोन प्रती

मी भावाला प्रत घेऊन बोलावलं. दोन्ही प्रती ताईंच्या जेवणाच्या टेबलावर शेजारी ठेवल्या आणि खोलीत कोणी काही बोलेना. भावाच्या प्रतीत मेणकापड लाल होतं. ताईंच्या प्रतीत ते उन्हात राहिलेल्या आमसुलाच्या पाण्यासारखं, पिवळट तपकिरी. अबोलीचा गजरा एकात अबोली, दुसऱ्यात मोगरा म्हटला तरी चालेल. कोळणीच्या मानेवरची त्वचा ताईंच्या प्रतीत हिरवट झालेली. लुगडं मात्र पुष्कळसं तसंच.

"ताई, तुला हे कधी दिसलं नाही?" भावाने विचारलं.

"रोज बघते ना रे. रोज बघितल्यावर काय दिसणार?"

हे अगदी खरं आहे. डोळा स्वतःला जुळवून घेतो. रंग एका रात्रीत उतरला असता तर ताई दुसऱ्या दिवशी गॅलरीत भांडायला गेल्या असत्या. तो तीस वर्षांत उतरला, त्यामुळे त्यांच्या आठवणीतलं चित्रही त्याच्याबरोबर उतरत गेलं. माझी खात्री आहे की भावाची प्रत समोर आली नसती तर त्यांनी शपथेवर सांगितलं असतं की मेणकापड पहिल्यापासून तपकिरीच होतं.

मग फ्रेम उघडली. मागे तपकिरी हार्डबोर्ड, गंजलेले चुके, सुटलेली गम टेप. पुढे काच, आणि प्रिंट थेट काचेला टेकलेली. मधे माउंटचं, म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीचं, अंतर नाही. डाव्या वरच्या कोपऱ्यात दोन-अडीच इंच प्रिंट काचेला चिकटलेली होती. रंगीत कागदाचा वरचा थर जिलेटिनचा असतो. पावसाळ्यात ते ओल पिऊन फुगतं, मऊ पडतं, काचेला बिलगतं आणि ऑक्टोबरात तसंच वाळतं. असले तीस पावसाळे झाले होते. चिकटलेला भाग ओढायचा नाही, हा पहिला नियम. ओढला की चित्र काचेवर आणि कागद हातात. मी काच आणि प्रिंट एकत्रच बाहेर काढली आणि उलटी ठेवली.

कागदाच्या पाठीवर काळ्या पेनने लिहिलेलं होतं: ४/१०, गाव, साल. भावाच्या प्रतीवर त्याच हस्ताक्षरात ३/१०. कंपनीचं नाव दोन्हींच्या पाठीवर सारख्याच फिकट करड्या अक्षरांत, सारख्याच तिरक्या ओळींत. पण भावाची प्रत १६ बाय २० इंचांची होती आणि ताईंची १४ बाय १८. चारही कडा पात्याने सरळ कापलेल्या. एका कडेला पातं घसरून पुन्हा फिरवल्याची खूणसुद्धा होती.

१९९४ मध्ये ज्या फ्रेमवाल्याकडे ताई गेल्या होत्या, त्याच्याकडे १४ बाय १८ ची चौकट तयार असणार. त्याने पांढरी कड कापून टाकली. सहीसकट. त्याच्या दृष्टीने तो कोरा कागद होता आणि चित्र तर पूर्ण होतं. त्याला दोष द्यायचा तर आपल्या सगळ्यांनाच द्यावा लागेल, कारण फोटो हा कागदावरचा फोटो असतो, कागद हीही एक वस्तू असते, असं तेव्हा किती जण मानत होते? तैलचित्राचा कॅनव्हास चौकटीत बसत नाही म्हणून कोणी कात्रीने छाटला नसता.

पट्टीखाली

सहीचं कोडं सुटलं, रंगाचं उरलं. आणि गंमत अशी की ज्या कापाकापीने सही गेली, तिनेच पुरावाही मागे ठेवला. पांढरी कड गेल्यामुळे चित्राचीच कड फ्रेमच्या लाकडी खाचेत गेली होती. सहा मिलिमीटरची पट्टी, चारही बाजूंनी, तीस वर्षं लाकडाखाली. तिथं ऊन पोचलं नाही.

मी प्रिंटची खालची कड काचेपासून जरा उचलली आणि ताईंना बोलावलं. मेणकापड जिथं चित्राच्या कडेला भिडतं, तिथं करंगळीच्या नखाएवढ्या रुंदीत ते लालभडक होतं. रेघ मारल्यासारखी सीमा. एका बाजूला १९९४, दुसऱ्या बाजूला २०२४.

डोळ्यावर विसंबायला नको म्हणून लॅबच्या दिवसांतला डेन्सिटोमीटर बरोबर नेला होता. हे यंत्र रंगाची घनता आकड्यात सांगतं. लाल मेणकापडात मजेंटा, म्हणजे जांभळट गुलाबी रंग, किती, एवढंच मोजलं. पट्टीखाली १.४०. पट्टीच्या बाहेर, अर्ध्या इंचावर, ०.६६. भावाच्या प्रतीत त्याच जागी १.३६. म्हणजे पट्टीखालची ताईंची प्रत आणि कपाटातली भावाची प्रत जवळजवळ एकच. हाताने काढलेल्या दोन प्रिंटमध्ये एवढा फरक असतोच. आणि उघड्या भागातला निम्म्याहून जास्त मजेंटा उडून गेलेला. टिकाऊपणाच्या चाचण्या करणारे साधारण ३० टक्के घट झाली की प्रिंटचं आयुष्य संपलं असं धरतात.

प्रत अस्सल होती. ताई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे खोटी नाही, मेलेली आहे."

दोन तऱ्हांनी रंग जातो

इथं थोडं थांबायला हवं, कारण लोक "फोटो फिका पडला" एवढंच म्हणतात आणि फिकं पडणं एकच असतं असं धरून चालतात.

काळ्या-पांढऱ्या फोटोत चित्र चांदीचं असतं. धातूचे बारीक कण. ताईंच्या त्याच भिंतीवर, त्याच उन्हात, आजोबांचा १९४८ चा कोट-टोपीतला फोटो आहे. कडेला चांदी थोडी आरशासारखी चमकायला लागलीय, पण टोपी अजून काळी आहे. रंगीत कागदातही सुरुवात चांदीनेच होते, मात्र डेव्हलपरमध्ये चांदीच्या शेजारी तीन थरांत तीन रंगद्रव्यं तयार होतात, सायन (हिरवट निळा), मजेंटा आणि यलो. मग ब्लीच-फिक्स नावाच्या द्रावणात सगळी चांदी धुऊन निघून जाते. मागे उरतो तो निव्वळ सेंद्रिय रंग, साडीच्या रंगाच्या जातीचा. साडी कुठल्या भिंतीवर तीस वर्षं उन्हात लटकवाल?

हे रंग दोन वेगळ्या वाटांनी जातात. उजेडात मजेंटा आणि यलो आधी हरतात, मागे निळसर-हिरवट छटा उरते. सलूनच्या काचेतली निळी पडलेली पोस्टरं आठवा. ती छापील शाई असते, पण कथा तीच. अंधारात दुसरी वाट. १९७०-८० च्या काळातल्या कागदांमध्ये अंधारातसुद्धा सायन विरघळावा तसा जाई. त्या वेळचा लग्नाचा अल्बम कपाटातून काढा: शालू, शेला, मंडपाची कनात, सगळं तांबूस. अल्बम कधी उन्हात ठेवला नव्हता, तरी. पुढच्या कागदांत कंपन्यांनी सायन पुष्कळ सुधारला, पण आणखी एक दुखणं राहिलं. मजेंटाच्या थरात न वापरलं गेलेलं रसायन शिल्लक असतं, ते हळूहळू पिवळं पडतं. भावाच्या प्रतीची पांढरी कड पाहिली तर ती पांढरी नव्हतीच. जुन्या बनियनसारखी. समुद्रावरही तीच पिवळट झाक होती. म्हणजे कपाटातली प्रतही १९९४ ची राहिली नव्हती. तिचं म्हातारपण वेगळ्या वाटेने आलं होतं इतकंच.

अंधारातला हा ऱ्हास उष्णतेवर चालतो. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की त्याचा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणून जगभरातली मोठी संग्रहालयं रंगीत प्रिंट आणि निगेटिव्ह थंड खोल्यांत ठेवतात. ठाण्यातलं पत्र्याचं कपाट एप्रिल-मे मध्ये किती तापतं ते वेगळं सांगायला नको. भावाच्या प्रतीच्या वरच्या कोपऱ्यात बुरशीचं पांढरं जाळंही धरलं होतं. कपाटात डांबराच्या गोळ्या होत्या, पण त्या कसरीसाठी. बुरशीचं ते औषध नव्हे. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की जिलेटिन म्हणजे बुरशीला वाढलेलं ताट असतं, आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० च्या खाली फारशी येतच नाही.

ताईंच्या भिंतीचा हिशेबही मांडला. एप्रिलमध्ये लक्समीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, घेऊन दोन दिवस बसलो. दुपारी साडेतीन ते साडेसहा सरासरी १,८०० लक्स, दिवसाच्या बाकी वेळी २५० च्या आसपास, रात्री ट्यूबलाइटचे १२०. पावसाळा, पडदे, ताई गावाला गेल्याचे दिवस, सगळं वजा करून वर्षाला साधारण २० लाख लक्स-तास, म्हणजे उजेड गुणिले तास. तीस वर्षांचे ६ कोटी. संग्रहालयात असल्या नाजूक कामाला ५० लक्स देतात. रोज आठ तास धरले तर वर्षाचे १ लाख ४६ हजार. ताईंच्या कोळणीने जेवढं ऊन खाल्लं, तेवढा उजेड संग्रहालयात मिळायला चारशे वर्षं लागली असती.

अमेरिकेतल्या हेन्री विल्हेल्म यांनी रंगीत प्रिंटच्या टिकाऊपणाच्या चाचण्यांत आयुष्य घालवलं. घरातल्या भिंतीसाठी ते ४५० लक्स, दिवसाचे बारा तास असं मानक धरतात. गुणाकार केला तर वर्षाचे १९ लाख ७० हजार. ताईंची भिंत त्याच्या अगदी जवळ निघाली. त्या मानकावर फुजीच्या क्रिस्टल आर्काइव्ह कागदाला चाळीस वर्षांच्या आसपासचं आयुष्य मिळालं होतं, आणि नव्वदच्या दशकातल्या काही इतर कागदांना वीसच्याही आतलं. ताईंच्या प्रतीत काही दोष नव्हता. तिचं आयुष्यच तेवढं होतं.

फ्रेमवाल्याने मधेच सुचवलं, यूव्ही काच बसवली असती तर? चौपट किंमत, पण फोटो वाचला असता. मला पटत नाही. त्या काळातल्या बहुतेक रंगीत कागदांवर अतिनील किरण अडवणारा थर मुळातच असतो. उरलेलं काम साधा, डोळ्याला दिसणारा उजेडच करतो, आणि तो अडवणारी काच लावली तर चित्र दिसणार कसं? इंकजेट प्रिंटला त्या काचेचा उपयोग जास्त होतो. या प्रकारात पडदा ओढणं जास्त कामाचं आणि फुकट.

दुरुस्ती नाही, मग काय

उडालेला मजेंटा परत आणता येत नाही. रंगद्रव्याचा रेणूच मोडलेला असतो, त्याला कुठल्या द्रावणात बुडवलं तरी तो जुळत नाही. बुरशी साफ करता येते, कागद सपाट करता येतो, काचेला चिकटलेल्या भागाचं काय करायचं ते संवर्धक ठरवू शकतो. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात त्यासाठीचं केंद्र आहे. पण रंग गेला तो गेला.

ताईंच्या मुलाने सुचवलेला उपाय सगळ्यांना आधी सुचतो. मामाची प्रत स्कॅन करू, कॉम्प्युटरवर पिवळेपणा काढू, तीन हजारांत झकास प्रिंट. मी त्याला थांबवलं. प्रत विकत घेतली म्हणजे चित्राचा हक्क विकत घेतला असं होत नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रकाराच्या मृत्यूपासून पुढे ६० वर्षं तो वारसांकडे राहतो. नवीन प्रिंट काढायची तर ती मुलीनेच काढायला हवी.

मुलीला मी अहवाल दिला, पट्टीचा फोटो दिला, आकडे दिले. ती ताईंकडे आली, स्वतः पट्टी पाहिली आणि माफी मागितली. मग अवघड बोलणं सुरू झालं. ताईंचं म्हणणं, जुनी प्रत घ्या, नवीन द्या. परदेशात काही छायाचित्रकार असं करतात. उतरलेली प्रिंट परत घेऊन नष्ट करतात आणि त्याच क्रमांकाची नवी देतात. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात जर्मन छायाचित्रकार आंद्रेआस गुर्स्कीचं ऱ्हाइन नदीचं छायाचित्र ४३ लाख डॉलरच्या वर गेलं. तेही याच जातीच्या रासायनिक रंगीत कागदावरचं. एवढे पैसे ओतणाऱ्याला वीस-तीस वर्षांनी काय, हा प्रश्न पडतोच आणि त्याचं उत्तर काहीतरी लिहून ठेवावं लागतं. १९९४ च्या आमच्या पावतीवर लिहिलं होतं: "रंगीत छायाचित्र, १ नग."

माझं मत मी तेव्हाच सांगितलं. छायाचित्रकार हयात असता तर अदलाबदल मला चालली असती. तो नसताना जुनी प्रत फाडणं मला मान्य नाही, कारण नवी प्रत बरोबर आहे असं म्हणणारा कोणीच उरलेला नाही. फाडलेल्या कागदाबरोबर ती लाल पट्टीही जाणार, आणि मूळ लाल कसा होता याची ती एक साक्षीदार आहे.

हा मुद्दा नुसता भावनेचा नव्हता हे पुढे कळलं. निगेटिव्ह वडिलांनी लेन्स ठेवायच्या कोरड्या कपाटात ठेवलं होतं, चांगल्या स्थितीत. त्याच्या पाकिटावर त्यांच्या अक्षरात एन्लार्जरचे आकडे: मजेंटा ५५, यलो ७०, १४ सेकंद. मुलीला वाटलं, सापडलं, हेच लावू. मला वाईट वाटलं सांगताना. ते आकडे त्या दिवशीच्या कागदाच्या त्या बॅचचे, त्या एन्लार्जरच्या त्या बल्बचे. कागदाचं नवीन खोकं उघडलं की आम्ही सगळं पुन्हा जमवायचो. आज तो कागद नाही, ते आकडे म्हणजे बंद पडलेल्या बसचं तिकीट.

शेवटी स्कॅनवरून तीन वेगवेगळे नमुने काढले. लाल जमवला ताईंच्या पट्टीवरून. लुगडं आणि त्वचा भावाच्या प्रतीवरून, पिवळी झाक वजा करून. भांडण झालं समुद्रावर. भावाला तो थोडा उबदार हवा होता, कारण त्याच्या प्रतीत तसा होता. ताईंना निळसर, कारण त्यांच्या प्रतीत तसा होता. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा म्हणायचे, पहाटेचा समुद्र जस्ताच्या पत्र्यासारखा दिसला पाहिजे." तिसरा नमुना तसा होता. तोच घेतला.

कशावर काढायचा, यावरही बोलणं झालं. मूळ माध्यमाशी प्रामाणिक राहायचं तर रासायनिक कागद. टिकायला हवं तर सुती कागदावर पिगमेंट शाई, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची शाई, जिला विल्हेल्मच्या चाचण्यांत शंभराच्या पुढची वर्षं मिळतात. मी लॅबचा माणूस, मन पहिल्याकडे ओढत होतं. मत दुसऱ्याला दिलं. मात्र पिगमेंट हा शब्द कागदोपत्री लिहून घ्यायला सांगितला. नुसतं "जिक्ले" लिहून चालत नाही. तो शब्द १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या जॅक डुगॅन यांनी इंकजेट प्रिंटला भारदस्त नाव हवं म्हणून फ्रेंचवरून काढला, आणि तेव्हाच्या त्या आयरिस प्रिंटरच्या शाया काही वर्षांत उडत. "आर्काइव्हल", म्हणजे दीर्घकाळ टिकणारं, या शब्दाचीही तीच गत. विकणारा तो नारळाच्या पाण्यासारखा शिंपडतो.

ठरलं ते असं. नवी प्रिंट आवृत्तीबाहेरची. पाठीवर मुलीची सही आणि "प्रदर्शन प्रत, २०२४, विक्रीसाठी नाही". खर्च अर्धा तिचा, अर्धा ताईंचा. प्रदर्शनानंतर ती ताईंकडे येईल, पण ४/१० सोबतच राहील. दोन्ही वेगळ्या करून विकायच्या नाहीत. ४/१० ही ४/१० च राहील, माझा अहवाल तिच्या पाठीला पाकिटात. विमा कंपनीकडेही विचारून पाहिलं होतं. हळूहळू होणारी झीज पॉलिसीत बसत नाही, तो विषय तिथंच संपला.

भावाने आपली प्रत नंतर विकली. घेणाऱ्याला पिवळी कड, बुरशी साफ केल्याची जागा, सगळं लेखी सांगितलं. त्याने किंमत थोडी पाडली आणि घेतली. सौदा होताना त्या गृहस्थाने विचारलं की याच आवृत्तीतली ८/१० कुठं मिळाली तर अधिक चांगली का? सांगता येत नाही. बहुतेक छायाचित्रकार दहाच्या दहा प्रती एकदम काढत नाहीत. तीन-चार काढायच्या, विकल्या गेल्या की पुढच्या. ३ आणि ४ एकाच जातीच्या कागदावरच्या होत्या हे पाठीवरच्या ओळींवरून कळलं. ८ कदाचित सात वर्षांनंतरची, दुसऱ्या कागदावरची, अधिक टिकाऊ किंवा कमी. म्हणून फोटो कधी टिपला याच्या शेजारी प्रिंट कधी काढली, कशावर काढली, आणि उतरली तर बदलून मिळणार का, हे पावतीवर मागून घ्यावं. मी त्यांना एवढंच सांगितलं.

प्रदर्शनात मुलीने नवी प्रत भिंतीवर लावली आणि ताईंची जुनी प्रत काचेसकट एका आडव्या पेटीत ठेवली. खालची कड दिसेल अशी. लोक भिंतीवरच्या चित्रापुढे मिनिटभर थांबत आणि पेटीपुढे बराच वेळ. एका लहान मुलीने आईला विचारलं, "हिचा लाल रंग कुणी पुसला?"

पावसाळ्याआधी दोन्ही प्रती घरी आल्या. नव्या फ्रेममध्ये आम्लमुक्त माउंट, काच आणि प्रिंटमध्ये पाव इंच मोकळी जागा, मागे भिंतीपासून फ्रेम अंतरावर राहावी म्हणून बुचाचे तुकडे. बाहेरच्या भिंतीवर नाही, तिथं ओल येते. आतल्या पॅसेजमध्ये, जिथं खिडकी नाही. मी लक्समीटरने मोजून ४० ची जागा नक्की केली आणि स्वतःवर खूश होऊन घरी आलो.

जुलैत ताईंचा फोन आला. "अहो, तुमच्या त्या पॅसेजमध्ये काही दिसत नाही हो. पाहुणे आले की बॅटरी मारून दाखवावं लागतं."

मी म्हटलं, एक छोटा दिवा लावून घ्या, बटण बाहेर ठेवा, माणूस गेला की बंद करा.

"म्हणजे देवघरासारखं," ताई म्हणाल्या. मग जरा थांबून, "आणि जुनी? जुनी मी परत बैठकीत लावलीय. चालेल ना? आता तिचं काय बिघडणार आहे?"

बिघडणार होतं. उरलेला मजेंटाही जाणार होता, आणि पट्टीखालचा लाल तेवढा नव्या चौकटीने झाकला असेल तर राहणार होता. मी विचारलं, "कड झाकली आहे ना नीट?"

"झाकलीय. फ्रेमवाल्याला दम देऊन आलेय, या वेळी काही कापायचं नाही म्हणून."